उद्दिष्टांची श्रेणी आणि व्याकरणाचा पाठ

अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तयार केलेले मराठी व्याकरणाचे टाचण उघडले, तर आरंभीच दोन रकाने आढळतात : एक उद्दिष्टांचा, दुसरा स्पष्टीकरणांचा. उद्दिष्टांच्या रकान्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही नावे एकाखाली एक येतात. स्पष्टीकरणांच्या रकान्यात 'विद्यार्थी व्याख्या सांगतो', 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो', 'विद्यार्थी नवीन उदाहरणे देतो' अशी वाक्ये येतात. पाठ समासाचा असो, प्रयोगाचा असो वा अलंकाराचा असो, ही वाक्ये फारशी बदलत नाहीत. अलीकडे विद्यापीठीय अभ्यासक्रमांनाही निष्पत्तींचे तक्ते जोडावे लागतात आणि प्रत्येक निष्पत्तीपुढे विचाराची पातळी नमूद करावी लागते. त्यामुळे जो प्रश्न पूर्वी अध्यापक महाविद्यालयांपुरता होता, तो आता आपल्या विभागांतही येऊन बसला आहे. विचाराच्या पातळ्यांची ही श्रेणी पाठाची आखणी करावयास खरोखर उपयोगी पडते काय, आणि पडत असल्यास कोणत्या टप्प्यावर, हा तो प्रश्न होय. शिक्षणशास्त्रज्ञांनी त्याची चर्चा पुष्कळ केली आहे. येथे ती भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाची आहे. कारण ही श्रेणी शिक्षकापर्यंत पोचते ती क्रियापदांच्या रूपाने, आणि क्रियापदे हा आपला विषय आहे.

श्रेणीचा उगम ध्यानात घेतल्यावाचून तिची चिकित्सा न्याय्य होणार नाही. १९४८ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या बॉस्टन येथील अधिवेशनाच्या निमित्ताने काही महाविद्यालयीन परीक्षक एकत्र आले. निरनिराळ्या संस्थांतील परीक्षकांना आपापल्या प्रश्नांची देवाणघेवाण करता यावी, तर ते प्रश्न नेमक्या कोणत्या क्षमतेची परीक्षा घेतात हे सांगणारी एक सामाईक परिभाषा हवी, असा त्यांचा निखळ व्यवहारी हेतू होता. शिकागो विद्यापीठाच्या परीक्षाविभागात काम करणारे बेंजामिन ब्लूम ह्यांच्या संपादकत्वाखाली १९५६ मध्ये ह्या परिश्रमाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन हे त्यातील सहा वर्ग. प्रत्येक वर्गाखाली उपवर्ग, नमुन्यादाखल उद्दिष्टे आणि नमुन्याचे परीक्षाप्रश्न अशी त्याची मांडणी आहे. आज ज्या त्रिकोणी मनोऱ्याच्या चित्रावाचून ह्या श्रेणीचा उल्लेखच होत नाही, ते चित्र ह्या ग्रंथात नाही. आणि प्रत्येक पातळीपुढे पंधरावीस क्रियापदे टांगणाऱ्या ज्या याद्या टाचण लिहिताना समोर ठेवल्या जातात, त्याही पुढील काळातल्या आहेत.

ब्लूम स्वतः त्याच दशकाच्या उत्तरार्धात माध्यमिक शाळांच्या परीक्षापद्धतीत सुधारणा सुचविण्याच्या कामी भारतात आले होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते काम पुढे चालविले. शालेय व्यवहारासाठी सहा वर्ग आटोपशीर करून ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य ही चौकडी रूढ झाली. घोकंपट्टीच्या प्रश्नपत्रिकांना ह्या विचाराने काही आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. पण परीक्षेच्या दाराने आलेले हे साधन लौकरच वर्गात गेले आणि तेथे पाठाचा आराखडा होऊन बसले. हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेली पंचपदी टाचणातून मागे सरली आणि तिची जागा ह्या चौकडीने घेतली. दोहोंत एक मूलभूत भेद आहे. पंचपदी, मग ती कितीही साचेबंद असो, शिकविण्याच्या क्रमाविषयी काही म्हणत होती. ब्लूम ह्यांची श्रेणी शिकविण्याच्या क्रमाविषयी मुळात काहीच म्हणत नाही. तीत खालून वर जाणारा क्रम आहे तो जटिलतेचा. जटिलतेचा क्रम म्हणजेच अध्यापनाचा क्रम, ही समजूत मागाहून चिकटलेली आहे.

मूळ ग्रंथकारांनी एक इशारा दिला होता, आणि तो टाचणांत कोठेही दिसत नाही. कोणताही प्रश्न कोणत्या वर्गात घालावयाचा हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याचे पूर्वशिक्षण माहीत असावे लागते, निदान गृहीत तरी धरावे लागते, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले आहे. आपल्या प्रश्नपत्रिकांतील 'प्रयोग ओळखा' हा प्रश्न घ्या. वाक्य 'रामाने रावणास मारले' हे असेल, तर उत्तर 'भावे' असे येते. पण पिढ्यान्पिढ्या हेच वाक्य पाठ्यपुस्तकात असल्यामुळे ती निव्वळ स्मृती होय. वाक्य 'पहारेकऱ्याने चोरांना अडविले' असे असेल, तर तेच क्रियापद उपयोजनाची अपेक्षा करते. वाक्य 'तू पोळी खाल्लीस' असे असेल, आणि वर्गात संकर प्रयोगाचा उल्लेखही झालेला नसेल, तर विद्यार्थ्याला 'खाल्ली' हा अंश पोळीशी व 'स' हा अंश 'तू'शी जुळतो हे उकलून पाहावे लागेल. म्हणजे तेथे विश्लेषणच आले. प्रश्नातील शब्द एकच, 'ओळखा'. आणि त्याच्या पोटात तीन पातळ्या. विचाराची पातळी क्रियापदात नसते. समोरची सामग्री आणि विद्यार्थ्याचा पूर्वानुभव ह्यांमधील अंतरात ती असते. क्रियापदांची यादी समोर ठेवून उद्दिष्ट लिहिणाऱ्याला हे अंतर दिसणे शक्यच नाही, कारण यादीत विद्यार्थी नसतो.

२००१ मध्ये लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल ह्यांनी ह्या श्रेणीची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. क्रॅथवोल हे १९५६ च्या मंडळातलेच. सुधारणा दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांचे मोल सारखे नाही. तथ्यांचे ज्ञान, संकल्पनांचे ज्ञान, प्रक्रियांचे ज्ञान आणि स्वतःच्या विचारप्रक्रियेविषयीचे ज्ञान असा ज्ञानाचा स्वतंत्र अक्ष त्यांनी काढला, ही खरी भर आहे. कशाविषयी विचार करावयाचा आणि कोणता विचार करावयाचा ह्यांची पूर्वी जी गल्लत होत होती ती त्यामुळे दूर झाली. वर्ग एकमेकांत मिसळू शकतात अशी मोकळीकही त्यांनी दिली. दुसरी सुधारणा नावांची : पूर्वीची नामे जाऊन तेथे क्रियापदे आली, संश्लेषणाच्या जागी निर्मिती आली आणि ती मूल्यमापनाच्या वर चढली. व्यवहारात पहिली सुधारणा बाजूस राहिली आणि दुसरी उचलली गेली. आपल्या तक्त्यांत ज्ञानाचा अक्ष क्वचित आढळतो; क्रियापदे मात्र सर्वत्र.

ही क्रियापदे मराठीत आल्यावर त्यांचे काय झाले, हे आता पाहू. इंग्रजीतील यादीत तुलनेने साधी, एकपदी क्रियापदे आहेत. मराठीत त्यांच्यासाठी आपण संस्कृत नाम घेऊन त्यास 'करणे' जोडतो : विश्लेषण करणे, वर्गीकरण करणे, मूल्यमापन करणे. परिणाम असा की, जे पातळीचे नाव तेच उद्दिष्टाचे क्रियापद होऊन बसते. 'विश्लेषण' ह्या उद्दिष्टापुढे 'विद्यार्थी वाक्याचे विश्लेषण करतो' असे स्पष्टीकरण लिहिले की रकाना भरतो. स्पष्ट मात्र काहीच होत नाही. त्यातही काळ नेहमी साधा वर्तमान. 'विद्यार्थी प्रयोग ओळखतो' ह्या वाक्याने आज तासाला एकदा ओळखले असेही समजते आणि तो नेहमी ओळखतो असेही समजते. एक घटना आणि सवय ह्यांतील भेद मराठीचा साधा वर्तमानकाळ दाखवीत नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तर तोच भेद महत्त्वाचा. 'विद्यार्थी व्याख्या आठवतो' हे वाक्य तर मजेदार आहे. मराठीत विद्यार्थ्याला व्याख्या आठवते. नुसते 'विद्यार्थी आठवतो' असे म्हटले, तर शिक्षकाला एखादा जुना विद्यार्थी आठवत असावा असेच कोणाही मराठी माणसास वाटेल.

ह्या विनोदामागे व्याकरणाचे एक गंभीर तत्त्व आहे. मनोव्यापाराची पुष्कळशी मराठी क्रियापदे ज्याला अनुभव येतो त्याला कर्त्याच्या प्रथमेत बसू देत नाहीत. 'ला' प्रत्ययाच्या चतुर्थीत बसवितात. मला आठवते, मला कळते, मला समजते, मला उमगते, मला पटते, मला सुचते. ह्यांच्याउलट सांगणे, शोधणे, निवडणे, जुळविणे, मांडणे, तपासणे ही क्रियापदे उघड कर्त्याची आहेत. आता ही पहिली मालिका श्रेणीवर ठेवून पाहावी. आठवणे सर्वांत खाली, समजणे त्याच्या वर, पटणे मूल्यमापनाशी, सुचणे निर्मितीशी. चतुर्थीची क्रियापदे एखाद्या पातळीपुरती नाहीत. ती तळापासून शिखरापर्यंत आहेत. प्रत्येक पातळीला एक बाह्य अंग आहे, जे विद्यार्थी करतो. आणि एक आंतरिक अंग आहे, जे विद्यार्थ्याला होते.

ह्या दोन मालिकांत आणखी एक भेद असा की, चतुर्थीच्या क्रियापदांना सामान्यतः आज्ञार्थ चालत नाही. 'सांग', 'शोध', 'निवड' असे म्हणता येते. 'तुला सुच', 'तुला पट' असे म्हणता येत नाही. 'आठव' हे रूप आढळते, पण त्याचा अर्थ 'आठवण्याचा प्रयत्न कर' एवढाच होतो. समजण्याची आज्ञा द्यावयाची झाल्यास 'समजून घ्या' असे म्हणावे लागते. म्हणजे 'घेणे' ह्या साह्याने केवळ प्रयत्नाचा भाग आज्ञेच्या कक्षेत आणला जातो. शिक्षकाच्या बाजूने 'समजाविणे' हे प्रयोजक रूप आहे खरे, पण 'समजावून सांगितले तरी त्याला समजले नाही' ह्या वाक्यात मराठी माणसाला कोणताही विरोध जाणवत नाही. प्रश्नपत्रिका ही आज्ञार्थांची भाषा आहे : ओळखा, लिहा, कारणे द्या, रसग्रहण करा. परीक्षकांनी परीक्षेसाठी तयार केलेल्या श्रेणीत आज्ञा देण्याजोगा भाग तेवढाच यावा हे स्वाभाविक होय. परंतु पाठ आखावयाचा तो मुख्यतः ज्याची आज्ञा देता येत नाही त्यासाठी. मुलाला कळू देण्यासाठी काय काय समोर मांडावे, कोठे थांबावे, कोणते वाक्य आधी आणि कोणते नंतर, हा पाठनियोजनाचा प्रश्न आहे. आणि नेमक्या ह्याच प्रश्नावर स्पष्टीकरणांचा रकाना मौन धरून असतो.

ह्यावर रॉबर्ट मेगर ह्यांचा आक्षेप कोणीही पुढे करील. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोटेखानी पण अतिशय प्रभावी पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादिले की, 'जाणणे', 'समजणे' ह्यांसारखे शब्द नाना अर्थांनी घेता येतात. सबब उद्दिष्ट दृश्य वर्तनाच्या भाषेत लिहावे. परीक्षेपुरते हे म्हणणे रास्त आहे. विद्यार्थ्याला समजले किंवा कसे, हे अखेरीस त्याच्या कृतीवरूनच ताडावयाचे असते. तथापि एखाद्या गोष्टीचा पुरावा आणि ती गोष्ट ह्या दोन भिन्न बाबी आहेत. तापमापीतील पारा उतरविण्याला कोणी औषधयोजना म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. प्रयोग हा माध्यमिक वर्गातील घटक रूढ टाचणानुसार असा चालतो : प्रथम व्याख्या, ते ज्ञान, मग पुस्तकातील उदाहरणे, ते आकलन, मग फळ्यावरील नवी वाक्ये, ते उपयोजन. मूळ ग्रंथातही पहिल्या वर्गाच्या अगदी आरंभी पारिभाषिक संज्ञांचे ज्ञान आहे, त्यामुळे ह्या क्रमाला शास्त्राचा आधार असल्यासारखे वाटते. परंतु मराठी घरात वाढलेला विद्यार्थी ह्या तासाला कोणत्या अवस्थेत येतो? 'मुलगा आंबा खातो' हे सांगून 'मुलगी आंबा' एवढेच म्हटले, तर तो 'खाते' असे वाक्य पुरे करतो. 'मुलाने आंबा खाल्ला' नंतर 'मुलीने आंबा' म्हटले, तर 'खाल्ला' म्हणतो; 'मुलीने पोळी' म्हटले, तर 'खाल्ली'. 'मुलाने मांजराला हाकलले' ह्यातील मुलाची मुलगी करा वा मांजराची मांजरे करा, तो 'हाकलले' हे रूप हलू देत नाही. तिन्ही प्रयोगांचे उपयोजन तो शाळेत येण्यापूर्वीपासून करीत आहे. त्याच्याजवळ नाही ते ह्या उपयोजनाचे भान, आणि नाहीत त्या संज्ञा. म्हणून येथे पाठाचा स्वाभाविक क्रम उलटा आहे : विद्यार्थ्याने आपणच पुरी केलेली वाक्ये समोर ठेवावयाची, कोणता शब्द बदलल्याने क्रियापद बदलले आणि कोणता बदलूनही ते बदलले नाही हे त्यालाच शोधू द्यावयाचे, तीन गट पडू द्यावयाचे, आणि गटांना नावांची गरज भासली म्हणजे कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे सांगावयाची. विश्लेषण आधी, परिभाषा शेवटी. श्रेणीच्या भाषेत ही उतरण ठरेल. अध्ययनाच्या दृष्टीने हीच चढण आहे.

हा क्रमही सर्वत्र लागू पडेल असे मात्र समजू नये. सोलापूरकडील एखाद्या शाळेत ज्यांच्या घरी कानडी बोलतात अशी मुले असतात. कानडीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माशी जुळविण्याची रीत नाही. त्या मुलांना 'मुलीने आंबा खाल्ला' ह्यातील 'खाल्ला' हे रूपच मुळात शिकावयाचे असते. त्याच वर्गात, त्याच बाकावर, तेच वाक्य एकाला विश्लेषणाची सामग्री असते आणि दुसऱ्याला पहिली ओळख. छापील टाचण दोघांपुढे एकच पातळी लिहिते.

बोलीभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हे टाचण अन्यायाचे साधन होते, असे मला वाटते. प्रमाण मराठीत 'मी आंबा खातो' आणि 'मी आंबा खाल्ला' ह्या दोन्ही वाक्यांत 'मी' हेच रूप येते. त्यामुळे दुसऱ्या वाक्यातील कर्ता तृतीयेत आहे हे रूपावरून कळत नाही, आणि 'ने' दिसला की कर्मणी अशी खूण पाठ केलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो. जुन्या मराठीत ह्या ठिकाणी 'म्यां' असे वेगळे रूप होते, आणि अनेक ग्रामीण बोलींत 'म्या' अजूनही आहे. 'म्या आंबा खाल्ला' असे बोलणाऱ्या मुलाच्या जिभेवर, प्रमाणभाषेने गमावलेला भेद शाबूत असतो. ह्या पाठात वर्गाचा साक्षीदार व्हावा असा तो मुलगा. पण 'विद्यार्थी शुद्ध वाक्यरचना करतो' हे कौशल्याचे स्पष्टीकरण टाचणात आधीच लिहिलेले असल्यामुळे त्याचे वाक्य चूक म्हणून दुरुस्त केले जाते आणि त्याला सर्वांत खालच्या पातळीवर धाडले जाते. विश्लेषणाची उत्तम संधी दुरुस्तीत खर्ची पडते. पातळ्यांची भाषा बोलणाऱ्यांनी ह्या ठिकाणी तरी थोडे थांबावयास हवे.

वरच्या पातळ्यांविषयी एक समज असा आहे की, त्यांसाठी उपक्रम, प्रकल्प, सादरीकरणे हवीत. व्याकरणाच्या पाठात त्या एका वाक्यानेही साधतात. भूतकाळातील सकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, असा नियम वर्गाने शोधून काढला आहे. आता 'मुलगी कविता शिकली' हे वाक्य फळ्यावर लिहावे. कर्म आहे, काळ भूत आहे, तरीही 'मुलीने शिकली' असे आपण म्हणत नाही. मुलगा असेल तर 'शिकला' होते. 'ती नाव विसरली', 'तो खोटे बोलला' ही आणखी दोन. नियम टाकावा की अपवादांची यादी जोडावी की 'सकर्मक' ह्या संज्ञेचाच पुन्हा विचार करावा, हा वाद विद्यार्थ्यांनी घातला तर ते मूल्यमापन नव्हे तर काय? आणि 'मला आंबा आवडतो' ह्या वाक्यात कर्ता कोण, ह्यावर तर पदव्युत्तर वर्गातही तास पुरत नाही. क्रियापद आंब्याशी जुळते म्हणून आंबा कर्ता म्हणावा, की आवड ज्याची त्याला कर्ता म्हणावे? एका पक्षाचा निकष रूपाचा, दुसऱ्याचा अर्थाचा. प्रयोग किती मानावेत ह्याविषयी आपल्या व्याकरणकारांत एकमत नाही, ते अशाच निकषांच्या निवडीमुळे. हा मतभेद विद्यार्थ्यापासून लपवून त्याला तीन व्याख्या देणे आणि मग दुसऱ्या दिवशी 'चिकित्सक विचार' ह्या उद्दिष्टासाठी वेगळा उपक्रम शोधणे, ही विसंगती आहे.

श्रेणीच्या अंतर्गत रचनेविषयीही भाषाभ्यासकाला एक शंका घेण्यास जागा आहे. १९५६ च्या ग्रंथात भाषांतर हा आकलनाचा पहिला उपवर्ग आहे, आणि रूपक, प्रतीक, उपरोध, अतिशयोक्ती अशा अवाच्यार्थी विधानांचे आकलन त्याच उपवर्गात, म्हणजे उपयोजनाच्या खाली, बसविले आहे. ज्याने एका भाषेतील चार ओळी दुसऱ्या भाषेत आणण्याचा प्रयत्न केला आहे, तो ह्या स्थाननिश्चितीस सहजी मान्यता देणार नाही; तेथे उकल, जुळणी आणि निवड ही एकाच वेळी चालू असतात. उलट घरातल्या आजीचे उपरोधिक बोलणे पाच वर्षांच्या नातवाला नेमके कळते. उपरोधाची व्याख्या त्याला आणखी आठदहा वर्षांनी भेटावयाची असते.

मग ही श्रेणी टाकून द्यावी काय? तसे मुळीच नाही. ती परीक्षकाचे साधन आहे, आणि परीक्षकाने वापरावे तसे वापरल्यास चोख काम देते. पाठ आखून झाल्यावर, त्यातील प्रश्न एका कागदावर काढून, ह्यांतील किती प्रश्न विद्यार्थ्याने आधी पाहिलेल्या सामग्रीवरच आहेत हे तपासण्यास तिच्यासारखे दुसरे साधन नाही. जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस ह्यांनी १९८२ मध्ये मांडलेली श्रेणी ह्या कामी अधिकच उपयुक्त वाटते, कारण ती पातळी प्रश्नात न शोधता विद्यार्थ्याच्या उत्तरात शोधते : उत्तरात एकच मुद्दा आला आहे, अनेक सुटे मुद्दे आले आहेत, की ते परस्परांशी जोडले गेले आहेत. 'तू पोळी खाल्लीस' ह्या वाक्यावर एक विद्यार्थी 'कर्मणी' म्हणेल, दुसरा 'कर्मणी, पण शेवटी स आहे' म्हणेल, तिसरा त्या 'स'चा 'तू जातोस' मधील 'स'शी संबंध जोडील. तिन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत, आणि टाचण लिहिणाऱ्याने आदल्या रात्री कोणती पातळी लिहिली होती ह्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

सरावपाठांचे निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांपुढे म्हणून एक सूचना ठेवावीशी वाटते. व्याकरणाच्या टाचणातील स्पष्टीकरणांचा रकाना काही काळ रिकामा राहू द्यावा. त्याऐवजी छात्राध्यापकाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : फळ्यावर ज्या क्रमाने येतील ती वाक्ये, त्यांपैकी कोणते वाक्य वर्गातील कोणत्या घरभाषेच्या मुलाला नवे असेल, आणि प्रत्येक वाक्याला येऊ शकतील अशी निदान दोन वेगळी उत्तरे. पातळीचे नाव पाठ संपल्यावर, आलेली उत्तरे पुढ्यात घेऊन, समासात पेन्सिलीने लिहावे.